माशाला मानवेल ती हिरवळ

एरवी दर आठवड्याला या सदराला एक पान मिळते, आणि एखादी मोठी जाहिरात आली की तेही आखडते. दिवाळी अंकात मात्र संपादक मोकळ्या हाताने जागा देतात. तेव्हा वर्षभरात आलेल्या पत्रांपैकी जो प्रश्न एका पानात मावला नसता, तो आज घेतो. प्रश्न घरातल्या माशांच्या टाकीचा आहे. मराठी शिकवणाऱ्या माणसाला माशांतले काय कळते, अशी शंका काही वाचकांनी पूर्वी काढली आहे. त्यांना एवढेच सांगतो की, गेली बावीस वर्षे आमच्या घरात एक तरी टाकी आहे, आणि माझ्या वर्गातल्या विद्यार्थ्यांपेक्षा त्या टाकीतली हजेरी अधिक नियमित आहे.

पत्रे पाचसहा आली. आशय सगळ्यांचा एकच. "आमच्याकडे रेड टेल कॅटफिश आहे. टाकी फार उघडीबोडकी दिसते म्हणून खऱ्या वनस्पती लावल्या. सकाळी पाहावे तो सगळ्या उपटून वर तरंगताहेत. कोणती वनस्पती लावावी?" एका भगिनीने तर विचारले आहे, "मासा पक्का मांसाहारी आहे, मग झाडपाल्याशी त्याचे वैर कसले?"

वैर मुळीच नाही. पण ते समजायला आधी या पाहुण्याची ओळख हवी. आपल्याकडे मिशीवाल्या माशांना मिळून एक नाव नाही. शिवडा, शिंगाळा, मांगूर अशी जातीजातीची नावे आहेत. ज्यांना मासे धरायचे, विकायचे आणि खायचे होते, त्यांना प्रत्येकाशी वेगळा व्यवहार करावा लागला. रेड टेल मात्र परका. दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन, ओरिनोको आणि एसेक्विबो या नद्यांच्या खोऱ्यांतला. पाठ काळपट, अंगाच्या बाजूने पांढरा पट्टा, तोंडाशी मिशांच्या तीन जोड्या आणि शेपूट केशरी-लाल. ब्राझीलमध्ये त्याला पिरारारा म्हणतात. तिथल्या तुपी भाषेत 'पिरा' म्हणजे मासा आणि 'अरारा' म्हणजे मकाव जातीचा तो मोठा रंगीत पोपट. म्हणजे हा पोपटमासा झाला! भाषेच्या मास्तराला असे एखादे नाव सापडले की त्या दिवशीचा चहा गोड लागतो.

दुकानात हा पोपटमासा भेटतो तेव्हा तीन इंचांचा असतो. मिशा अंगापेक्षा मोठ्या, डोळे मिचमिचे, आणि काचेवर बोट नेले की मागे मागे येणार. कोणाही मुलाला तो हवासा वाटावा असाच असतो. पुरा वाढलेला रेड टेल चार फुटांच्या आसपास जातो, ही माहिती मात्र पिशवीवर लिहिलेली नसते. २०१० साली ब्राझीलमध्ये गळाला लागलेला एक छप्पन्न किलोंचा भरला होता. छप्पन्न किलो म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे वजन. (हा आकडा छापण्यापूर्वी त्यांची परवानगी घेतली आहे.)

ठाण्याला माझ्या ताईकडे असा एक आहे. भाचा दहावीला बरे गुण मिळवून पास झाला, तेव्हा भाऊजींनी त्याला साडेतीनशे रुपयांचा हा मासा आणि त्याच्या कित्येक पट किमतीची सहा फुटी टाकी घेऊन दिली. चौदा महिन्यांत तीन इंचांचे एकोणीस इंच झाले. ताईचे घर पिढ्यान्पिढ्या शाकाहारी. पण माशाला कोलंबी लागते, म्हणून ती आता दर बुधवारी मासळीबाजारात जाते. पहिल्या दिवशी कोळणीने सवयीने विचारले, "काय ताय, कालवन करनार का सुकी?" ताई म्हणाली, "तशीच देणार, कच्ची." कोळणीने तिला आपादमस्तक न्याहाळले, आणि तेव्हापासून म्हणे ती दोन कोलंब्या जास्त टाकते. भाऊजी नाक मुरडतात, पण रात्री दिवा मालवण्याआधी टाकीपाशी पाच मिनिटे उभे राहिल्याशिवाय झोपायला जात नाहीत.

या भाच्याने मला वाचकांचाच प्रश्न विचारला. "मामा, याच्या टाकीत काय लावू?" तो म्हणाला. "नुसत्या काचेत बसून असतो बिचारा. दुकानवाल्याने ॲमेझॉन स्वोर्ड दिली. म्हणाला, त्याच्याच देशातली आहे."

सल्ला ऐकायला तर्कशुद्ध वाटतो. ॲमेझॉनचा मासा, ॲमेझॉनची वनस्पती. माहेरची माणसे जवळ असली की लेकीला बरे वाटते तसे. पण ॲमेझॉन स्वोर्ड ही तळाच्या मातीत मुळे पसरून बसणारी वनस्पती. एकोणीस इंचांचा जीव दोन फूट रुंदीच्या टाकीत वळतो, तेव्हा तो वळत नाही, अंग मुडपून स्वतःला फिरवून घेतो, आणि त्या फिरण्यात शेपटीचा एक फटकारा तळाची वाळू नांगरून काढतो. रात्री तो खाणे शोधत मिशांनी तळ चाचपतो ते वेगळेच. त्यात मुळे काय टिकणार? व्हॅलिसनेरिया, काबोंबा, हायड्रिला, तळात रोवायच्या सगळ्यांचीच ही गत. कुंडीत लावून वर दगड ठेवावेत असे काही जण सांगतात. कुंडीसकट आडवी झालेली मी पाहिली आहे.

तेव्हा पहिले पाऊल हे की, जी मातीत रोवावी लागत नाही अशी वनस्पती घ्यायची. सुदैवाने अशा आहेत आणि चांगल्या चिवट आहेत. त्यांत मी पहिला मान अनुबियासला देतो. ही पश्चिम आफ्रिकेतली, ओढ्याकाठच्या दगडांवर आणि लाकडांवर वाढणारी. आल्याच्या बोटांसारखे तिचे आडवे खोड असते. खाली मुळे, वर एकेक जाड, गर्द हिरवे पान. हे खोड वाळूत पुरले की कुजते. बहुतेक लोक तिथेच फसतात आणि वनस्पतीला नावे ठेवतात. ते दगडाला किंवा पाण्यात मुरलेल्या लाकडाला बांधायचे. दुकानात हे लाकूड ड्रिफ्टवुड म्हणून मिळते. दोनतीन महिन्यांत मुळे लाकडाला अशी मिठी मारतात की सोडवायला सुरी लागावी.

अनुबियास आपल्या अळूच्या कुळातली आहे, हे ऐकून ताईला ती एकदम घरची वाटू लागली. पाने चामड्यासारखी चिवट, त्यामुळे शेपटीचे फटके सोसतात. नावाची कथाही ऐकण्यासारखी आहे. प्राचीन इजिप्तमध्ये मृतांचा सांभाळ करणारा अनुबिस नावाचा देव होता. ही वनस्पती दाट सावलीत वाढते म्हणून १८५७ साली शॉट या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला त्या सावलीच्या देवाचे नाव दिले. सावलीची ही आवड आपल्या फार उपयोगी पडते. तिच्याकडे पुढे येतो. घेताना मोठ्या पानांची बार्टेरी घ्यावी. 'नाना' नावाची बुटकी जात दिसायला गोड आहे, पण या माशाच्या तोंडापुढे गोड आणि लहान असणे धोक्याचे.

दुसरी जावा फर्न. हिचेही खोड आडवे आणि तेही बांधायचेच. हिची गंमत म्हणजे जुन्या पानांच्या टोकांना आणि पाठीला बारीक पिल्ले फुटतात, आपल्या पानफुटीसारखी. एकदा एक रोप विकत घेतले की पुन्हा घ्यावे लागत नाही. वर्षभरात शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटण्याइतकी होतात. तिसरी बोल्बिटिस, आफ्रिकेतल्या वाहत्या ओढ्यांतले काळसर हिरवे, कातरलेल्या पानांचे नेचे. हिला खेळते पाणी लागते. मोठ्या माशाच्या टाकीला फिल्टर जोरकस लावावाच लागतो, तेव्हा त्याच्या धारेच्या वाटेवर ही छान रुळते. पण ती महाग आहे आणि सुरुवातीला रुसून बसते. पहिल्यांदाच लावणाऱ्याने तिच्या नादी लागू नये.

बांधायला शिवणाचा सुती दोरा घ्यावा. नायलॉनचा नको. सुती दोरा काही आठवड्यांत कुजून जातो आणि तोवर मुळांनी पकड घेतलेली असते. नायलॉन तसाच राहतो, एखाद्या दिवशी सुटतो आणि माशाच्या पोटात जातो. हा मासा काय गिळेल याचा नेम नाही. खडी, थर्मामीटर, पाणी गरम करायची काचेची नळी, रबरी चोखण्या, सगळे त्याने गिळल्याची उदाहरणे या छंदात जुनी आहेत. म्हणून टाकीत खडी टाकूच नये. तळाला बारीक वाळू पसरावी किंवा काहीच नको. दगड ठेवायचे ते त्याच्या डोक्यापेक्षा मोठे, आणि तो वाढणार हे धरून त्याहूनही मोठे.

आणखी एक युक्ती. रोपे आणली की लगेच माशाच्या टाकीत टाकू नयेत. लाकडाला बांधून बाल्कनीतल्या सावलीत, प्लॅस्टिकच्या टबात दोनतीन महिने ठेवावीत. मुळे पक्की धरली की मग ते सबंध लाकूड उचलून टाकीत. सत्यनारायणाच्या पूजेला केळीचे खांब बांधतो तसे, ऐन वेळी पण आधीपासून तयार असलेले. भाच्याला हे दोनतीन महिने फार जड गेले. रोज मुळे ओढून पाहू नकोस, एवढेच मी त्याला फोनवर सांगत असे.

इथवर वनस्पती टिकवायची कशी ते झाले. पण ती लावायची कोणासाठी? आपल्या दिवाणखान्यासाठी की माशासाठी? बहुतेक टाक्या दिवाणखान्यासाठी सजवल्या जातात. वर झगझगीत दिवा, त्याखाली लखलखीत हिरवळ, आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेला मासा. मग लोक म्हणतात, हा दिवसभर हलत का नाही? हलणार कसा? हा रात्रीचा प्राणी. ज्या नद्यांत तो वाढतो त्या मोसमात जंगलात शिरतात. मानाउस शहरापाशी नदीचे पाणी वर्षाकाठी सरासरी दहा मीटर चढते आणि उतरते. त्या पुरात झाडे उभीच्या उभी पाण्यात असतात. मासे बुंध्यांमधून हिंडतात आणि वरून पडणारी फळे खातात. हा मांसाहारी पोपटमासासुद्धा फळे खातो. आमच्या पत्रलेखक भगिनींनी याची नोंद घ्यावी.

म्हणजे वनस्पतींकडून त्याला हवे असते ते डोक्यावरचे छप्पर. हे कळले की टाकीची मांडणीच बदलते. मोठे लाकूड तळापासून वर तिरपे उभे करायचे, त्याच्या वरच्या टोकाला रुंद पानांची अनुबियास बांधायची, मागे जावा फर्नचा झुबका, आणि खाली मोकळी अंधारी जागा ठेवायची. दिवा मंद, दिवसातून पाचसहा तास. अनुबियास सावलीतली असल्याने तिला तेवढा पुरतो. उलट उजेड वाढवला की तिच्या सावकाश वाढणाऱ्या पानांवर शेवाळ चढते. जे माशाला मानवते तेच वनस्पतीला मानवते, असा योग संसारातही क्वचित येतो. ताईकडे ही मांडणी झाली त्या संध्याकाळी मासा लाकडाखाली जाऊन बसला. टाकीत आल्यापासून तो पहिल्यांदाच काचेला न चिकटता बसला होता. भाचा पाऊण तास काही न बोलता समोर बसून होता. ताईने दोनदा जेवायला हाक मारली.

आता पाण्याबद्दल. वनस्पती लावल्या की पाणी आपोआप स्वच्छ राहते, असा समज आहे. लहान माशांच्या टाकीत त्यात तथ्य आहे. मासा खातो, त्याच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. फिल्टरमधले जंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरे त्यामानाने सोसवणारे. वनस्पती अमोनियाही घेतात आणि नायट्रेटही. पण अनुबियास आणि जावा फर्न या संथ वनस्पती. महिन्याला एखाददुसरे पान काढणाऱ्या. किलो-दीड किलोच्या माशाने केलेली घाण त्यांनी निस्तरावी ही अपेक्षा म्हणजे एका आजीबाईंनी सबंध मंगल कार्यालयाची भांडी घासावीत अशी आहे. दर आठवड्याला निम्मे पाणी बदलणे याला पर्याय नाही. सहा बाय दोन बाय दोन फुटांच्या टाकीत साडेसहाशे लिटरांच्या वर पाणी बसते. त्यातले निम्मे दर रविवारी काढायचे आणि भरायचे. ज्या सोसायटीत पाणी सकाळी पाऊण तासच येते, तिथे ते कसे जमायचे याचा हिशेब मासा घेण्याआधी करावा.

त्यातल्या त्यात मदत करणारी एक वनस्पती आहे, आणि ती बहुधा तुमच्या घरात आधीच आहे. आपली मनी प्लँट. चोरून आणली तर पैसा येतो म्हणतात ती. ही प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटावरची, आणि पुन्हा अळूच्याच कुळातली. तिची मुळे पाण्यात आणि पाने बाहेर हवेत ठेवली की ती झपाट्याने वाढते आणि वाढताना पाण्यातले नायट्रेट शोषते. मुळे मात्र माशाच्या तोंडी लागू द्यायची नाहीत. अळूसारखेच या वेलातही घसा खाजवणारे स्फटिक असतात. वरच्या फिल्टरच्या डब्यात रोवावी, नाहीतर जाळीच्या परडीत बसवून टाकीच्या काठाला घट्ट अडकवावी. ताईच्या टाकीवरचा वेल खिडकीच्या गजांपर्यंत गेला आहे. पैसा अजून आलेला नाही.

पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींबद्दलही दोघांनी विचारले आहे. पिस्टिया म्हणून एक मिळते, कोबीच्या छोट्या गड्ड्यासारखी. सावली चांगली देते. पण घरातल्या मंद दिव्यात ती पिवळी पडते, आणि या माशाने एकदा उसळी घेतली की गड्डे अर्धे झाकणावर आणि अर्धे फिल्टरमध्ये. (झाकण जड हवे, हे सांगायचे राहिलेच होते. आमचे भाऊजी त्यावर शब्दकोशाचे दोन खंड ठेवतात.) मी पिस्टियाची शिफारस करीत नाही.

तरंगणाऱ्या वनस्पतींवरून एक गोष्ट निघते, ती सांगायलाच हवी. हा मासा आपल्या मुलखात जिच्या सावलीत पोहत असेल अशी एक वनस्पती आपणां सगळ्यांच्या ओळखीची आहे. फुगीर देठांची, जांभळ्या फुलांची. जलपर्णी. तीही ॲमेझॉनच्या खोऱ्यातलीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती आपल्या देशात बंगालकडून शिरली, ती फूल सुंदर म्हणून, शोभेसाठी. बागेतल्या हौदातून ती कोणीतरी उचलून बाहेर टाकली असेल. आज पुण्याच्या मुळा आणि पवना, कोल्हापूरची पंचगंगा, उन्हाळ्यात कुठेही पुलावर उभे राहा, पाणी दिसत नाही, हिरवा गालिचा दिसतो. त्याखाली पाण्याला उजेड नाही आणि माशांना प्राणवायू नाही.

माशांचीही तीच कथा. आफ्रिकन मांगूर सरकारने २००० सालीच बंद केला, तरी तो आपल्या पाण्यांतून गेलेला नाही. २०१८ साली केरळात महापूर आला, त्यानंतर तिथल्या नद्यांत कोळ्यांच्या जाळ्यात अरापायमा सापडले. तेही ॲमेझॉनचेच राक्षसी मासे. पुराने कोणाच्या तरी तळ्यांतून आणि टाक्यांतून ते बाहेर काढले. टाकीत काच चाटत फिरणारा सकर मासा अनेक राज्यांतल्या तळ्याधरणांत इतका माजला आहे की जाळी फाटतात आणि विकायला काही मिळत नाही. मी हे लिहितो आहे, कारण आलेल्या पत्रांपैकी एकात शेवटी एक ओळ होती: 'फारच मोठा झाला तर गणपतीनंतर नदीत सोडू, त्याचाही जीव सुटेल.' लिहिणारे गृहस्थ दयाळू आहेत, यात मला शंका नाही. पण नदीत त्याचा जीव सुटतो तेव्हा तिथल्या लहान माशांचा जातो, आणि त्यांच्यावर पोट भरणाऱ्या माणसांचा घास जातो.

आपल्या पुराणांत याच प्रसंगाची गोष्ट आहे. शतपथ ब्राह्मणात ती येते आणि महाभारतातही. मनूच्या ओंजळीत हात धुताना एक इवलासा मासा येतो. म्हणतो, मला सांभाळ, मोठे मासे मला खाऊन टाकतील. मनू त्याला घड्यात ठेवतो. घडा पुरेना, तेव्हा खड्ड्यात. तोही पुरेना, तेव्हा समुद्रात नेऊन सोडतो. पुढे प्रलयात तोच मासा मनूची नाव ओढून नेतो. वर्गात ही गोष्ट मी अनेकदा सांगितली आहे. ताईची टाकी पाहिल्यापासून मात्र मला तिच्यातला दुसराच भाग दिसतो: घडा पुरत नाही हे मनूला वेळेवर कळत गेले, आणि पुढची जागा त्याच्यापाशी होती. रेड टेल घेणाऱ्यापाशी घडा असतो. फार तर खड्डा. समुद्र नसतो. असता तरी उपयोग नव्हता, हा मासा गोड्या पाण्यातला.

म्हणून ज्या वाचकांनी अजून मासा घेतलेला नाही, त्यांच्यासाठी माझे उत्तर सोपे आहे: घेऊ नका. मिशा आणि शिकारी बाणाच पाहिजे असेल तर पिक्टस घ्या. ठिपक्याठिपक्यांचा, रुपेरी, लांब मिशांचा, रेड टेलच्याच कुळातला, पण चारपाच इंचांवर थांबणारा. त्याच्या टाकीत अनुबियासच काय, ॲमेझॉन स्वोर्डसुद्धा सुखाने राहते. नवरंगी टेट्रासारखे चिमुकले मासे मात्र त्याच्याबरोबर ठेवू नका. एकेक करून मोजणीतून कमी होतात आणि पिक्टस साळसूद चेहऱ्याने फिरत असतो.

ज्यांनी घेतला आहे, त्यांनी वर सांगितलेली हिरवळ जरूर लावावी. मासा टाकीत आहे तोवर त्याला सावली मिळो. पण त्याच बरोबर जागेचा शोधही आजच सुरू करावा, मासा दीड फुटांचा व्हायच्या आत. आम्ही शोधली तेव्हा दोन संस्थांकडून नम्र नकार आला. त्यांच्याकडे असे मासे घेऊन येणारे आधीच बरेच होते. दुकानदाराने परत घ्यायचे नाकारले. शेवटी कर्जतकडे एका हौशी गृहस्थांचा पत्ता लागला. छपराखाली बांधलेला वीस फूट बाय दहा फुटांचा सिमेंटचा हौद, वर जाळी, ओढ्यापासून दूर, आणि आत असेच सांभाळायला घेतलेले तीन मासे. भाऊजी आणि मी जाऊन हौद पाहून आलो. पावसाळ्यात पाणी काठावरून जात नाही ना, ते मुद्दाम विचारले.

भाच्याला सांगायचे काम माझ्यावर आले. तो रडला वगैरे नाही. अकरावीतली मुले रडत नाहीत, ती पाणी प्यायला आत जातात. परत येऊन म्हणाला, "मामा, तिथे झाडे आहेत?" नव्हती. नुसते सिमेंट होते. "मग मोठे लाकूड त्याच्याबरोबर देऊ," तो म्हणाला. "त्याला त्याच्याखाली बसायची सवय आहे." त्या लाकडावरची अनुबियास आता चांगली अकरा पानांची झाली आहे. ताई म्हणाली, "हो बाबा, सासरी पाठवताना रुखवत नको का?"

दिवाळीच्या सुटीत मासा जायचा आहे. मासा न्यायला ते गृहस्थ झाकणाचे मोठे पिंप आणि हवेचा पंप घेऊन स्वतः येणार आहेत. आदल्या दोन दिवसांत त्याला खायला द्यायचे नाही, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. लाकूड आमच्याकडे राहील आणि मी मागाहून बसने नेईन. त्याला पाण्यातून न्यावे लागत नाही. अनुबियासच्या पानांवर आणि मुळांवर ओल्या वर्तमानपत्राच्या दोन घड्या गुंडाळायच्या, वर प्लॅस्टिकची पिशवी सैलसर बांधायची, आणि उन्हात ठेवायचे नाही. एवढ्यावर ती दोन दिवस सहज टिकते.